पासबुकचं पहिलं पान

ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांचं नाव, गाव, मुलांची शाळा यातलं काहीच मी देणार नाही. यवतमाळ जिल्हा, साल 2024, सोयाबीन काढणीचे दिवस, एवढं पुरे. सगळा मजकूर आधी त्यांना वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्या म्हणाल्या, "हे नोका लिहू ताई." ते काढलं. वाचताना कुठे सांधा निखळल्यासारखा वाटला, तर तो त्यांच्या सांगण्यावरून निखळलेला आहे.

मी बाजाराच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. लोक त्याला सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पीक विमा, आधारची प्रिंट, बँकेचे फॉर्म असं सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना तर रात्री दहापर्यंत दारात बाया बसलेल्या असायच्या. दहा गावांतल्या माणसांचे आधार नंबर, खाते नंबर, जन्मतारखा माझ्या एका संगणकात आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या बाईंचे यजमान जुलैत एक रुपयाचा पीक विमा भरायला आले होते. सातबारा आणि पीकपेऱ्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेला. मला ते ताई म्हणायचे, म्हणून त्यांची बायको माझी वहिनी. ऑक्टोबरात त्यांनी आत्महत्या केली. त्यावर याहून जास्त मी लिहिणार नाही. गावोगावी त्यावर बोलणारे पुष्कळ झाले, आणि त्यांनी सांगितलेला कर्जाचा एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता.

चार फोटो

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या पुतण्यानं फेसबुकवर आणि व्हॉट्सअपवर मदतीचं आवाहन टाकलं. पोरगा बावीस वर्षांचा, अमरावतीला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, काकांवर जीव असलेला. मजकूर साधा होता: घरातला कर्ता माणूस गेला, दोन लेकरं लहान आहेत, सढळ हातानं मदत करा, जास्तीत जास्त शेअर करा. खाली वहिनींचा मोबाईल नंबर. सोबत चार फोटो.

पहिला, हार घातलेल्या तसबिरीचा. दुसरा ओसरीवरचा. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर खाली. शेजारी सातवीतली मुलगी. मांडीवर चार वर्षांचा मुलगा, आणि तो एकटाच सरळ कॅमेऱ्यात पाहत होता. तिसरा फोटो बँकेच्या पासबुकच्या पहिल्या पानाचा. चौथा आधार कार्डाचा, पुढची आणि मागची बाजू, बारा आकडे स्पष्ट.

संध्याकाळपर्यंत तो मेसेज फिरत फिरत माझ्याकडे तीन ग्रुपांतून आला. त्यावर दोन बाणांची खूण होती आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं लिहिलं होतं. किमान पाच हातांतून साखळीनं गेल्याशिवाय व्हॉट्सअप ती खूण लावत नाही. तोवर फेसबुकवरची पोस्ट जिल्ह्याबाहेर गेली होती. पोस्ट 'सार्वजनिक' होती. पुतण्यानं ती मुद्दाम तशी ठेवली होती, कारण लोकांपर्यंत पोचावी हाच तर हेतू होता.

आणि पैसे आले. हे मी दडवणार नाही. नऊ दिवसांत चाळीस हजारांच्या वर रक्कम जमा झाली. पन्नास, शंभर, पाचशे अशी. तेरवी झाली, किराण्याची उधारी फिटली, मुलीची वह्या-पुस्तकं आली. ज्यांनी दिले त्यांच्या मनात खोट नव्हती. पुतण्याच्या मनात तर नव्हतीच. म्हणूनच हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं. चोरानं घर फोडलं तर कोणाला दोष द्यायचा ते कळतं. इथं आपल्याच माणसांनी, चांगल्यासाठी, दार उघडं टाकलं होतं.

फोनची घंटी

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी केंद्रावर आल्या. हातात बटणांचा छोटा फोन. माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, ह्याची घंटी बंद होते का पाहा बरं. कोनी म्हन्ते पैसे पाठवतो, कोनी म्हन्ते एकटी रायते का. रातच्या बाराले फोन येते."

मी बसल्या बसल्या कॉलची यादी पाहिली. वीस मिनिटांत तीन फोन आले. एक सांत्वनाचा होता, परभणीकडच्या कोण्या आजोबांचा, तो मी त्यांना घेऊ दिला. बाकी दोन पुरुषांनी बाईचा आवाज ऐकताच बोलणं लांबवायचा प्रयत्न केला. एकानं विचारलं, व्हिडिओ कॉल होतो का. त्या साध्या फोनवर होत नव्हता.

"तुमचा नंबर टाकू का, असं इचारलं होतं का तुम्हाले?" मी म्हटलं.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मले कोनी इचारलंच नाई. म्या तवा डोये उघडून पाह्यलं नाई ताई, फोटो कोन काढून रायलं तेबी समजलं नाई."

मी ते आवाहन माझ्या मोबाईलवर मोठं करून पाहू लागले. नंबर कुठे कुठे दिसतो ते शोधत होते. आधारच्या फोटोवर आले आणि थांबले. कार्डाच्या वरच्या अंगाला एक बारीक राखाडी रेघ आडवी गेलेली होती, डाव्या कडेपासून फोटोतल्या कपाळापर्यंत. ती रेघ मी ओळखते. माझ्या स्कॅनरच्या काचेवर ओरखडा आहे. दोन वर्षांपासून प्रत्येक स्कॅनवर तो येतो.

मग आठवलं. तिसऱ्या दिवशी पुतण्या आला होता. सरकारी मदतीच्या प्रस्तावाला कागद लागतात म्हणाला. मी आधार आणि पासबुक स्कॅन केलं, त्याचा मोबाईल नंबर विचारला आणि व्हॉट्सअपवर पाठवून दिलं. मी हे रोज पन्नास वेळा करते. कागद ज्यांचे त्या बाई समोर नव्हत्या, आणि फाईल दुसऱ्याच्या मोबाईलवर जाऊन पुढे कुठे जाईल याचा मी विचार केला नाही. पुतण्याला जो दोष मी द्यायला निघाले होते, त्याचा अर्धा माझ्या टेबलावरून गेलेला होता. हे मी वहिनींना त्याच वेळी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमाले काय माईत." पण मला माहीत असायला हवं होतं. माझं कामच ते आहे.

त्या पानावर काय काय असतं

लोक मला नेहमी विचारतात, खाते नंबर कळला म्हणून कोणी पैसे काढतं का? नुसत्या खाते नंबरावर आणि आयएफएससी कोडवर कोणी पैसे काढू शकत नाही, फक्त टाकू शकतो. आधार नंबर कळल्यानंही खातं रिकामं होत नाही, अंगठा लागतो किंवा ओटीपी लागतो. इथपर्यंत ऐकून माणसं निवांत होतात, आणि घोळ पुढेच आहे.

पासबुकचं पहिलं पान उघडून पाहा. नाव, पत्ता, खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक म्हणजे सीआयएफ, शाखेचं नाव आणि कोड, बहुतेक वेळा मोबाईल नंबर, कधी कधी वारसाची नोंद. काही बँकांमध्ये नेटबँकिंग सुरू करताना हीच माहिती विचारतात: खाते क्रमांक, सीआयएफ, शाखा कोड, मोबाईल. त्यानंतर एक ओटीपी, आणि कधी कधी एटीएम कार्डाची माहितीही. म्हणजे कुलूप उघडायला फार थोडं उरतं, आणि त्यातला ओटीपी बाईंच्या हातातल्या फोनवर येतो. तो त्यांच्या तोंडून काढायचा, हेच चोराचं मुख्य काम राहतं.

ते काढायला कोणीतरी फोन केलाच. पोस्टनंतर बाराव्या दिवशी. बोलणारा शुद्ध मराठीत, साहेबी आवाजात बोलला. त्यानं वहिनींचं पूर्ण नाव घेतलं, यजमानांचं नाव घेतलं, आधारचे शेवटचे चार आकडे सांगितले, बँकेची शाखा सांगितली. म्हणाला, तुमची फाईल पात्र झाली आहे, तीस हजार आज जमा होतात, बाकीचे सत्तर हजार ठेवीत जातील, एक नंबर येईल तो सांगा.

हे तीस आणि सत्तर हवेतून आलेले नाहीत. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत पात्र ठरलं तर वारसाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले 30,000 हातात आणि 70,000 ठेवीच्या रूपात, हा नियम 2006 पासूनचा आहे. ज्या घरात ती फाईल तहसीलला गेलेली असते, त्या घरात या दोन आकड्यांना केवढं वजन असतं ते शहरातल्या माणसाला समजायचं नाही. माणूस या आकड्यांची वाटच पाहत असतो. फोन करणाऱ्याला फाईलचं काहीही माहीत नव्हतं. त्याच्याकडे होते ते पुतण्याच्या पोस्टमधले चार फोटो, आणि विदर्भात अशा घरात काय चाललेलं असतं याची माहिती. दोन्ही एकत्र केल्यावर तो खराच साहेब वाटला.

वहिनींनी नंबर दिला नाही. त्या म्हणाल्या, "सेतूवाल्या ताईले इचारून सांगतो." त्यानं घाई केली, चिडला, मग फोन ठेवला. त्या चार किलोमीटर पायी माझ्याकडे आल्या, तोवर त्या ओटीपीची मुदत कधीच संपली होती. पैसे वाचले ते कुठल्या तांत्रिक युक्तीनं नाही. एका बाईला न कळलेल्या गोष्टीवर हो म्हणायची सवय नव्हती, म्हणून वाचले.

वाचले नाहीत ते दुसऱ्यांचे. कोणीतरी तेच आवाहन उचलून स्वतःच्या नावानं टाकलं होतं. मजकूर तोच, ओसरीवरचा फोटो तोच, फक्त पासबुकच्या जागी क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की नाव तिसऱ्याच माणसाचं. पुण्याच्या एका बाईंनी पैसे भरल्यावर नाव पाहिलं आणि मूळ नंबरावर फोन करून विचारलं, म्हणून आम्हाला कळलं. किती लोकांनी न पाहता भरले असतील त्याचा पत्ता नाही.

ओसरीवरचा व्हिडिओ

पैशांचं मी इतकं लिहिलं, पण वहिनी ज्यासाठी रडल्या ते पैसे नव्हते.

पोस्ट पाहून एक यूट्यूब चॅनेलवाला सातव्या दिवशी घरी आला होता. मोबाईल, छोटा माईक, सोबत एक जण. घरच्या पुरुषांनी बसायला खाट दिली, चहा दिला. दुःखाच्या घरी आलेल्याला नको म्हणायची आपल्याकडे रीत नाही. त्यानं वहिनींना विचारलं, त्या बोलल्या नाहीत. मग त्यानं माईक मुलीपुढे धरला आणि विचारलं, बाबांची आठवण येते का? शेवटचं काय बोलले होते?

मुलगी बोलली. काय बोलली ते मी लिहिणार नाही. खाली दुःखाचं संगीत लावून तो व्हिडिओ त्यानं चढवला. दिवाळीच्या सुट्या संपून शाळा भरली, तेव्हा वर्गातल्या पोरांच्या घरच्या मोबाईलवर तो पोचलेला होता. एका पोरानं मधल्या सुटीत तिची नक्कल केली. तिच्याच शब्दांत, तिच्याच आवाजात. दुसऱ्या दिवसापासून तिनं शाळेत जायचं सोडलं.

प्रेस कौन्सिलनं 2019 साली आत्महत्येच्या बातम्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बातमी भडक करू नये, ठळक मथळे देऊ नयेत, फोटो-व्हिडिओ वापरू नयेत, असं त्यात आहे. पण कौन्सिलचा अधिकार वर्तमानपत्रांवर. मोबाईल घेऊन ओसरीवर येणाऱ्यावर तो चालत नाही. आणि लेकरापुढे माईक धरू नये हे समजायला कौन्सिल लागू नये.

मुलीसाठी मी 14416 ला फोन लावून दिला. ही टेली-मानसची सरकारी मदतवाहिनी, फुकट आहे, मराठीतून बोलतात. पहिल्यांदा तिनं फोन हातात धरला आणि काहीच बोलली नाही. तिसऱ्यांदा बोलली. मी बाहेर जाऊन उभी राहिले. शाळेत तिच्या वर्गशिक्षिकेनं फार समजुतीनं घेतलं, पोरांना न रागावता बसवून सांगितलं. सव्वा महिन्यानं ती परत वर्गात गेली.

परत गोळा करणं

पुतण्याला बोलावलं तेव्हा तो आधी दुखावला. "म्या तर चांगल्यासाठीच केलं न ताई." मी म्हटलं, हो, आणि स्कॅन मी दिला होता, आता दोघं मिळून गोळा करू. त्यानंतर त्यानं जे कष्ट घेतले ते मी पाहिलेत.

फेसबुकची मूळ पोस्ट त्यानं तिथेच काढली. मूळ पोस्ट गेली की तिच्यावरून केलेले शेअरही रिकामे होतात. पण ज्यांनी फोटो उतरवून स्वतः टाकले होते ते राहिले. व्हॉट्सअपवर 'सगळ्यांसाठी काढा' हे बटण दोन दिवसांहून थोडं जास्तच चालतं. ती वेळ केव्हाच टळली होती. पण ग्रुपचा ॲडमिन आपल्या ग्रुपमधला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो, हे बहुतेक ॲडमिनना माहीत नसतं. आम्ही एकेका ग्रुपचा ॲडमिन शोधला, फोन केला, बटण कुठे आहे ते सांगितलं. गावाचे, भजनी मंडळाचे, कृषी केंद्राचे, बचत गटाचे, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप. बहुतेकांनी लगेच काढलं. एक ॲडमिन म्हणाला, आता काढून काय फायदा, सगळ्यांनी पाहिलंच आहे. त्याला पुतण्यानं उत्तर दिलं, "पाह्यलं ते पाह्यलं. उद्या कोनी नवीन पाहू नये म्हनून."

चोरलेल्या आवाहनाची तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर केली, आणि पुण्याच्या त्या बाईंना 1930 वर फोन करायला सांगितलं, कारण पैसे त्यांचे गेले होते आणि तो क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठीच आहे. तिथे जितक्या लवकर कळवावं तितकी रक्कम अडवता यायची शक्यता. फेसबुकलाही तक्रार केली. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 24 तासांत पोच द्यायची आणि, तेव्हाच्या मुदतीप्रमाणे, 15 दिवसांत निकाल लावायचा, नाही पटलं तर सरकारच्या अपील समितीकडे 30 दिवसांत जाता येतं. आम्हाला अपिलाची वेळ आली नाही.

यूट्यूबचं जास्त चिकट निघालं. तिथे खासगीपणाच्या तक्रारीचा वेगळा अर्ज असतो. ज्याचा चेहरा आहे त्यानंच तो भरायचा, अल्पवयीन असेल तर आईबापानं. व्हिडिओत कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला चेहरा दिसतो ते लिहावं लागतं. म्हणजे वहिनींना तो व्हिडिओ पूर्ण पाहावा लागला. मी म्हटलं मी बघून लिहिते, तुम्ही बाहेर बसा. त्या नाही म्हणाल्या. पदर तोंडाला लावून त्यांनी सेकंद सांगितले आणि मी लिहून घेतले. अर्ज गेल्यावर व्हिडिओ टाकणाऱ्याला स्वतःहून काढायला 48 तास मिळतात, मग यूट्यूब बघतं. पुतण्यानं त्या माणसाला फोनही केला. तो म्हणाला, व्ह्यूज चांगले आहेत, तुम्हालाच मदत मिळेल. शेवटी काढला, पण तोवर दुसऱ्या दोन चॅनेलनी उचलला होता.

रात्री फोन करणाऱ्यांपैकी एक जण थांबेना. त्याला वहिनींनी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं, परत फोन करू नको. त्यानंतरही त्यानं केला. नको म्हटल्यावरही बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा आहे. नंबर, तारखा, वेळा कागदावर लिहून आम्ही ठाण्यात गेलो. कागद तयार होता म्हणून काम लवकर झालं. ठाण्यातून एक फोन गेला आणि तो गप्प झाला.

आधार नंबर बदलता येत नाही. म्हणून आधारची बायोमेट्रिक माहिती लॉक केली, ज्यानं अंगठ्यावर पैसे काढणंही बंद होतं. स्वतःला काढायचे असतील तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. आणि मोबाईल नंबर? सगळे म्हणाले, सिम फेकून द्या. मी नको म्हटलं. त्या एका नंबरावर बँक, आधार, गॅस, रेशन सगळं लटकलेलं, आणि तहसीलची फाईलही त्यावरच. फेकलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, तेव्हा ओटीपी त्याच्याकडे जाणार. आम्ही उलटं केलं. नवीन सिम घेतलं, आधार केंद्रावर तेव्हाचे 50 रुपये भरून आणि अंगठा देऊन आधारला नवा नंबर जोडला, बँकेत अर्ज दिला, तहसीलला कळवलं. जुना नंबर जगाला माहीत झालेला, तो दिराच्या फोनमध्ये टाकला, आता तिथे दिरच बोलतात. नवा नंबर वहिनींच्या माहेरी, शाळेत आणि माझ्याकडे आहे, इतर कुठेच नाही. सगळ्याला तीन आठवडे लागले, आणि मजुरी बुडाली ती वेगळी.

कायदा कुठपर्यंत येतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आधार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे कोणाचा आधार नंबर जाहीर प्रसिद्ध करता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा 2023 साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. पण तो कायदा एखाद्यानं घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू नाही, आणि माणसानं स्वतः जाहीर केलेल्या माहितीलाही नाही. पुतण्यानं काकूचा फोटो टाकला, तिथे हा कायदा फारसा पोचत नाही. माझ्या केंद्रावर तो, त्याच्या मुख्य तरतुदी लागू झाल्या की, नक्की पोचेल, आणि पोचायलाच हवा. त्या आठवड्यापासून मी नियम केला: काम झालं की स्कॅन गिऱ्हाइकासमोर मिटवायचा, रीसायकल बिनही रिकामा करायचा, आणि कागद ज्याचा त्याच्याच नंबरावर पाठवायचा. फक्त ओळख पटवायची असेल तिथे आधी मास्क केलेलं आधार द्यायचं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

या सगळ्या धावपळीत एक प्रश्न मला वारंवार विचारला गेला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. गावात काय लपून राहतं? घरकुलाची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागते. दारिद्र्यरेषेची नावं ग्रामसभेत वाचतात. सातबाऱ्याचं चावडी वाचन होतं. कोणाच्या डोक्यावर सोसायटीचं किती कर्ज ते पारावर सगळ्यांना ठाऊक असतं. मग फेसबुकवर आलं तर काय बिघडलं?

बिघडलं ते असं. चावडीवर ज्यांना कळतं ते उद्या वहिनींच्या बांधावरून जाणार असतात. त्यांनी वेडंवाकडं बोलावं तर त्यांना त्याच गावात राहायचं असतं. गावाला कळतं तेव्हा कोणीतरी भाकरीची टोपली घेऊन येतं, रात्री बाया सोबत झोपायला येतात. ज्याला कळलं त्याच्यावर काहीतरी येऊन पडतं. रात्री बाराला फोन करणाऱ्यावर काहीच येऊन पडत नव्हतं. त्याला वहिनींचं नाव, चेहरा, एकटेपण सगळं माहीत होतं, आणि वहिनींना त्याचं काहीच माहीत नव्हतं. गावाच्या माहीत असण्यात निदान दोन्ही बाजूंनी तोंडं दिसतात.

आणि गावातही एक शिस्त असते, ती आपण विसरलो. मौतीच्या घरी बसायला जातो तेव्हा आपण प्रश्न विचारत नाही. गप्प बसतो, उठताना हात जोडतो. घरातली बाई तोंड फिरवून बसली तर तिच्याकडे टक लावून पाहत नाही. तोच माणूस खिशातून मोबाईल काढला की ही सगळी रीत कशी काय सोडून देतो?

पुढचं आवाहन

2025 च्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एका मजुराचं घर जळालं. आवाहन लिहायला लोक पुतण्याकडेच गेले. त्यानं आधी त्या बाईंना विचारलं: काय टाकू, काय नको टाकू. त्या म्हणाल्या, घराचा फोटो टाका, आमचा नोका. त्यानं जळालेल्या भिंतीचा फोटो टाकला. नावाच्या जागी 'आमच्या शेजारचं एक मजूर कुटुंब' एवढंच. फोन नंबर गावातल्या निवृत्त गुरुजींचा, त्यांनी तो आनंदानं दिला. यूपीआय आयडी मोबाईल नंबरावरून बनलेला होता, तो बदलून दुसऱ्या अक्षरांचा बनवून घेतला. बऱ्याच ॲपमध्ये ती सोय आहे, कोणी वापरत नाही. पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचं नाव तेवढं दिसतं, आणि ते दिसलंच पाहिजे. शेवटी एक ओळ होती: हे आवाहन अमुक तारखेपर्यंतच, त्यानंतर पुढे पाठवू नका. त्या तारखेला त्यानं पोस्ट काढली आणि किती जमले त्याचा हिशोब ग्रुपवर टाकला.

तिथे वहिनींच्या वेळेपेक्षा थोडे कमीच जमले. चेहरा दिसला की हात जास्त सुटतो, हे खरं आहे. मला विचाराल तर तो फरक मान्य करून चालावं. ज्यांनी दिले त्यांनी गुरुजींना फोन करून विचारलं, खात्री केली, मग दिले.

वहिनींची फाईल पुढे पात्र ठरली. मुलगी आता नववीकडे चालली आहे. शाळेच्या गॅदरिंगचा फोटो निघताना ती बाजूला सरकते, तिच्या बाईंना ते माहीत आहे, त्या काही म्हणत नाहीत.

मी दर महिन्याच्या एक तारखेला केंद्र उघडण्याआधी तो व्हिडिओ शोधते. गावाचं नाव टाकून, आडनाव टाकून, बातमीच्या मथळ्यातले शब्द उलटसुलट करून. सापडला की लिंक लिहून ठेवते, वहिनी बाजाराच्या दिवशी येतात तेव्हा त्यांच्या नावानं अर्ज भरतो. सेकंद आता त्यांना पाठ आहेत, व्हिडिओ लावावा लागत नाही. मागच्या महिन्यात दोन सापडले. एक निघाला, दुसऱ्याचं उत्तर यायचं आहे.